१०८ मणी, १८ मिनिटे

सातारा जिल्ह्यातील गोंदवल्यात जपाला बसलेल्या माणसाकडे जरा निरखून पाहिले, तर नाम चालू असताना पोट हळूहळू आत जाते आणि नाम थांबताच पुन्हा फुलते, हे सहज ध्यानात येते. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ ही तेरा अक्षरे उमटतात ती सोडलेल्या श्वासावर. म्हणून जो हे नाम संथपणे, स्वतःला ऐकू येईल असे घेतो, त्याचा उच्छ्वास आपोआप लांबतो. चिंतेवरील उपचारांत जपाला जे स्थान आहे, त्याचे एक मोठे कारण मला येथेच दिसते.

चिंतेचा झटका आला की याच्या उलट घडते. श्वास भराभर चालतो, रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि त्या लक्षणांनीच घाबरून माणसाचा श्वास आणखी वाढतो.

मनगटावर बोटे ठेवून शांत बसावे. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते व सोडताना मंदावते, कारण उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस मज्जातंतू हृदयाला अधिक आवरून धरतो. रक्तदाब सावरणाऱ्या यंत्रणेलाही सुमारे १० सेकंदांची स्वतःची लय असते, आणि श्वास मिनिटाला ६ वर आला की या दोन्ही लयी जुळतात. इटलीतील लुचियानो बर्नार्डी व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये २३ निरोगी व्यक्तींना लॅटिन जपमाळेची प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे ओम’ हा मंत्र म्हणायला लावले, तेव्हा दोन्ही वेळा श्वास याच गतीवर आला. आपल्या माळेतही मण्याला एक श्वास धरला, तर १०८ मण्यांना बरोबर १८ मिनिटे लागतात. तीच माळ संख्या भरण्यासाठी ५ मिनिटांत उरकली, तर श्वासाला मंदावण्याची सवडच मिळत नाही.

अर्थात तो प्रयोग निरोगी माणसांवरचा होता. चिंताविकार हा आजार आहे. त्यात समुपदेशन आणि गरजेप्रमाणे औषधे लागतात, जप ही त्यांना जोड, आणि नाम सुरू केले म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करणे धोक्याचे आहे. काही रुग्णांना तर डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिले की भीती वाढते. अशांना बसवून ठेवू नये; लोणंदहून फलटणकडे निघालेले वारकरी टाळाच्या ठेक्यावर पावले टाकत अभंग म्हणतात, तसे उघड्या डोळ्यांनी, चालता चालता म्हणणे त्यांना अधिक सोसते.