शोकांतिका की शोकात्मिका? वादामागची पार्श्वभूमी

गडकरी रंगायतनमध्ये एखादं जुनं नाटक पुन्हा लागलं की प्रयोग सुटल्यावर तलावपाळीवर चहा घेताना वाद निघतो: ही खरी शोकांतिका, की नुसतं रडवणारं नाटक? या वादाचं अर्धं मूळ नाटकात नाही, शब्दात आहे.

‘शोकांतिका’ म्हणजे जिचा अंत शोकात होतो ती. शब्द सुटसुटीत म्हणून रुळला. आता घाटात बस कोसळली तरी बातमीत शोकांतिकाच घडते. पण या शब्दाने सगळं ओझं शेवटच्या अंकावर टाकलं, आणि शोकांतिका ठरवायची म्हणजे पडदा पडताना कोण मेलं ते मोजायचं, अशी सवय लागली. ज्या ग्रीकांकडून हा प्रकार आला त्यांच्याकडे असा दंडक नव्हता. इ.स.पू. ४५८ मधली ‘ओरेस्तेइया’ ही नाट्यत्रयी आईचा खून केलेला मुलगा निर्दोष सुटल्यावर संपते. ‘फिलॉक्टेटिस’मध्ये तर कुणीच मरत नाही, चिघळलेल्या पायाचा नायक बरं होण्याचं वचन घेऊन निघतो. नाट्यविचाराचा मूळ ग्रीक ग्रंथ, ॲरिस्टॉटलचं ‘पोएटिक्स’, तोही एका सुरात बोलत नाही. तेराव्या प्रकरणात दुर्दैवाकडे नेणारी रचना उत्तम ठरते. लगेच चौदाव्यात, हात उगारलेला असताना ओळख पटून खून टळतो, ती घटना सर्वांत सरस ठरते.

म्हणून मराठी समीक्षेत ‘शोकात्मिका’ हा शब्द पुढे आला: शोक जिचा आत्मा आहे ती. दोन्हींत हाच शब्द मला जवळचा वाटतो, कारण तो शेवटाऐवजी पूर्ण नाटकाकडे बघायला लावतो. तरी एक गोष्ट त्यातूनही निसटते. ग्रीक विचारात करुणेच्या बरोबरीने भय आहे. आपल्या रसविचारात शोक हा करुण रसाचा स्थायीभाव, म्हणजे त्या रसाच्या मुळाशी असलेला भाव, आणि भय हा भयानक रसाचा. दोघांची घरंच वेगळी. मराठी शब्द घडवताना शोक घेतला गेला, भय बाहेर राहिलं. प्रेक्षक रुमाल घेऊन येतो, पण धास्तावायची त्याची तयारी नसते.

संस्कृतात शोकांत नाटक नाहीच, हे विधान ‘ऊरुभंग’मुळे डळमळतं, त्यात दुर्योधन रंगमंचावरच प्राण सोडतो. पण ते नाटक छापून लोकांसमोर आलं १९१२ च्या सुमारास. त्याच्या कितीतरी आधी, मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर चारच वर्षांनी, १८६१ मध्ये ‘थोरले माधवराव पेशवे’ हे शोकांत मराठी नाटक आलं होतं. मराठीतली शोकांतिका इंग्रजी वर्गातून आली, शेक्सपिअर वाचून आली. १८८३ चं ‘विकारविलसित’ म्हणजे ‘हॅम्लेट’, १८९० चं ‘झुंझारराव’ म्हणजे ‘ऑथेल्लो’.

नायक कोसळतो तो त्याच्या ‘स्वभावदोषा’मुळे, ही कल्पनाही त्या वर्गातूनच आली. मूळ ग्रीक शब्द ‘हॅमार्शिया’. त्याच्या धातूचा अर्थ नेम चुकणे. म्हणजे चूक, प्रमाद. माणसाच्या स्वभावात आधीपासून बसलेली कीड, हा अर्थ शेक्सपिअरच्या अभ्यासातून त्याला चिकटला.

‘एकच प्याला’ची सगळी भांडणं इथून सुरू होतात. नाटककार राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि पहिला प्रयोग २० फेब्रुवारीला बडोद्यात झाला. आपलं नाटक उभं राहिलेलं त्यांना पाहायला मिळालं नाही. दारूच्या व्यसनाला दोष धरलं तर हे नाटक दारूबंदीचा प्रचार होऊन बसतं, आणि तसं म्हणणारे टीकाकार आजही आहेत. मला ते पटत नाही. नाटकाचा नायक, वकील सुधाकर, पहिला प्याला घेतो तो चैनीसाठी नव्हे. न्यायालयात खटका उडतो, वकिलीची सनद काही काळासाठी जाते, आणि हिमतीवर वर आलेल्या त्या मानी माणसाला अपमान सोसवत नाही. तेवढ्यात दारुडा तळीराम समोर असतो. नेम चुकतो तो त्या क्षणी, दारू पुढची. त्याच्या ताठ मानेचं आपल्याला कौतुक वाटत असतं, आणि तीच त्याला खाली नेते. त्याच्या बायकोसाठी, सिंधूसाठी आपण रडतो. सुधाकराची मात्र भीती वाटायला हवी, कारण त्या जागी आपणही तेच केलं असतं. प्रयोगात सिंधूची पदं लांबली आणि हा प्रवेश उरकला, की शोकांतिकेचं रडगाणं होतं.

पुढे १९६२ च्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मध्ये बाप आणि मुलगा दोघांचंही म्हणणं पटतं, तरी दोघांमधलं तुटत जातं. १९७० च्या ‘नटसम्राट’मध्ये म्हातारा नट आयुष्यभराची कमाई मुलांना देऊन टाकतो तो सुरुवातीलाच, आनंदाने. त्यात दोष कसला? ठाण्यात निवृत्त होऊन फ्लॅट मुलाच्या नावावर करायच्या विचारात असलेले आजी-आजोबा प्रेक्षकांत असतात. त्या प्रवेशाला ते रडत नाहीत. एकमेकांकडे बघतात आणि पुन्हा समोर बघायला लागतात.