पायदुखी, हौशी धावपटूंची (बेळगाव सीमाभाग)

हौसेने किंवा तब्येतीसाठी धावणाऱ्यांच्या टाचेत, तळव्यात, चवड्यात आणि बोटांत होणारे दुखणे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पहाटे रस्त्यावर लष्करभरतीचा सराव करणारी पोरे दिसतात, तशीच डॉक्टरांनी साखर वाढल्याचे सांगितल्यावर चाळिशीत बूट घेतलेली माणसेही दिसतात. दोघांच्या दुखण्याचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाडांना आणि कंडरांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना) नवा भार पेलायला महिने लागतात. दम आहे म्हणून अंतर वाढवले जाते आणि पाय मागे पडतात. त्यामुळे बुटांवर खापर फोडण्याआधी गेल्या महिना-दीड महिन्यात काय बदलले ते पाहावे: अंतर, वेग, चढ, की धावण्याचे वार.

निदानाचा निम्मा भाग दुखण्याची जागा आणि वेळ यांतच असतो. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली चार पावले टाचेच्या आतल्या बाजूला कळ येते, मग चालता चालता ती ओसरते आणि बराच वेळ बसून उठले की पुन्हा येते. ही तळव्याच्या पट्ट्याची टाचदुखी (प्लांटर फॅसायटिस). टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेला हा जाड पट्टा पायाची कमान तोलून धरतो. पोटऱ्या आखडलेल्या असतील, वजन जास्त असेल किंवा दिवसभर उभ्याचे काम असेल, तर त्याच्यावरचा ताण वाढतो. टाचेच्या बरोबर मधोमध, शहाबादी फरशीवर अनवाणी उभे राहिल्यावर ठणकत असेल, तर दोष पट्ट्यापेक्षा टाचेखालच्या चरबीच्या गादीत असण्याची शक्यता अधिक. तिथे ताण देण्याचे व्यायाम फारसे कामाचे नाहीत. मऊ तळ लागतो.

एक्स-रेत ‘टाचेचे हाड वाढलंय’ असे दिसले की घरचे घाबरतात. असे वाढलेले टोक कधीच टाच न दुखलेल्या अनेकांतही सापडते. ते काढून टाकण्याची गरज क्वचितच पडते.

टाचदुखीवर दोन व्यायाम भरवशाचे आहेत. पहिला सकाळी जमिनीवर पाय टेकण्यापूर्वीचा: दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावा, हाताने बोटे नडगीकडे ओढावीत, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कमानीतला पट्टा दोरीसारखा ताठ झालाय का ते चाचपावे. दहा मोजेपर्यंत धरून सोडावे. असे 10 वेळा, दिवसातून तीनदा. दुसरा ताकदीचा. पायरीच्या कडेवर एका पायाचा चवडा टेकवून उभे राहावे. बोटांखाली पंच्याची गुंडाळी ठेवावी, म्हणजे बोटे वर वळलेली राहतात आणि पट्टा ताणला जातो. तीन सेकंदांत टाच उचलावी, वर दोन सेकंद थांबावे, तीन सेकंदांत पायरीच्या खाली न्यावी. सुरुवातीला जेमतेम 12 वेळा जमेल इतका भार, असे तीन फेरे. दोन आठवड्यांनी पाठीवर सॅकमध्ये वजन घेऊन 10 वेळा, चार फेरे; आणखी दोन आठवड्यांनी 8 वेळा, पाच फेरे. हा व्यायाम एक दिवसाआडच करायचा. इथे हटकून होणारी चूक म्हणजे घाई: टाच भराभर वर-खाली केली तर फायदा होत नाही. दुसरी चूक आठ दिवसांत कंटाळून सोडून देण्याची. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात, पूर्ण बरे व्हायला कधी वर्षही.

टाचेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले की काही आठवडे आराम पडतो. पण त्याने पट्टा तुटण्याचा आणि चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. पुन्हा पुन्हा घेणे तर टाळावेच. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे त्याहून वाईट. दुखणे झाकले जाते आणि घाम गेलेल्या शरीरात मूत्रपिंडांवर ताण येतो.

टाचेच्या मागे, घोट्यावरची जाड शीर (अ‍ॅकिलिस कंडरा) सकाळी आखडते, धावायला लागल्यावर सुटते, थांबल्यावर पुन्हा ठणकते. येळ्ळूरच्या राजहंसगडासारखे चढ एकदम सुरू करणाऱ्यांत हे सर्रास. वरचाच टाच उचलण्याचा व्यायाम, पंच्याच्या गुंडाळीशिवाय, इथेही चालतो. मात्र दुखणे कंडरा हाडाला चिकटते त्या अगदी खालच्या जागी असेल तर टाच पायरीच्या खाली नेऊ नये. सपाट जमिनीवरच करावा.

चवड्याचे दुखणे मात्र दुर्लक्षून चालत नाही. तिसऱ्या-चौथ्या बोटांमध्ये जळजळ, मुंग्या, मोज्याची घडी रुतल्याचा भास होत असेल तर नस दबलेली असते. रुंद बुटाने बरेचदा भागते. पण पायाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या किंवा तिसऱ्या लांब हाडावर एका बोटाने दाबल्यावर नेमकी एकच जागा कळवळून दुखत असेल, दुखणे धावताना कमी न होता वाढत जात असेल, तर हाडाला चीर गेली आहे असे समजून धावणे त्याच दिवशी बंद करावे. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे साफ येऊ शकतो. तो साफ आहे म्हणून पळणारे पुढे हाड पूर्ण मोडून घेतात. खात्री एमआरआयने होते. इथे मालीश करून घेऊ नये, हाडवैद्याकडून पाय ओढून तर मुळीच घेऊ नये. या हाडांना सहसा सहा ते आठ आठवडे विश्रांती पुरते. पण घोट्याच्या पुढे कमानीच्या माथ्यावर किंवा पायाच्या बाहेरच्या कडेला मधोमध दुखत असेल, तर तिथली हाडे नीट जुळत नाहीत. अस्थितज्ज्ञाला दाखवण्यात दिरंगाई नको. उपास-तापास करून अंतर वाढवणाऱ्यांत आणि पाळी अनियमित झालेल्या स्त्रियांत चीर जाण्याचा धोका जास्त. त्यांना विश्रांतीइतकीच पोटभर जेवणाची गरज असते.

पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे बूट दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. बूट आतले तळ काढून, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाळवावेत. शक्यतो दोन जोड आलटून पालटून वापरावेत. बेचके कोरडे पुसून बुरशीनाशक मलम कातडी बरी दिसू लागल्यावरही काही दिवस लावावे. पाण्याने भरलेला फोड छोटा असेल तर फोडू नये. मधुमेह्यांना फोड अनेकदा जाणवतच नाही, म्हणून रोज रात्री तळवे डोळ्यांनी पाहणे भाग आहे.

बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घ्यावेत. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीची जागा हवी. ती नसेल तर उतारावर बोटे पुढे आदळून नखे काळी पडतात. बुटाच्या तळातला मऊ फोम साधारण 500 ते 800 किलोमीटरमध्ये बसतो, वरून बूट नवा दिसला तरी. कोल्हापुरी चपलेच्या 2019 च्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे, आणि आयुष्यभर ती घालणाऱ्याला तिचा त्रास नसतो. पण टाच दुखत असताना धावण्याच्या उंच टाचेच्या बुटातून थेट सपाट, कडक चामड्यावर येणे पोटरीला आणि पट्ट्याला जड जाते. तेवढे महिने घरातही मऊ तळाची चप्पल बरी.

रस्त्याचाही वाटा असतो. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो. रोज एकाच कडेने धावल्यास कडेकडचा पाय खालच्या पातळीवर पडत राहतो. टिळकवाडीतील व्हॅक्सीन डेपोच्या मातीच्या वाटा किंवा खानापूरकडचा तांबडा मुरूम कोरड्यात पायाला सोसवतो, पावसात निसरडा होतो. उसाच्या हंगामात चिकोडी-रायबागकडच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यांवर अंधारात घोटा मुरगळण्याची भीती खरी, विजेरी हवीच.

पुन्हा धावायला लागताना आधी अर्धा तास भरभर चालून पाहावे. त्याने दुखले नाही तर एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असे दहा वेळा. तेही एक दिवसाआड. टाचदुखीत आणि कंडरेच्या दुखण्यात धावताना दहापैकी तीनपर्यंतचे दुखणे चालते, मात्र दुसऱ्या सकाळी ते पूर्वपदावर आलेले हवे. वाढलेले असेल तर आधीच्या वेळेवर परत जावे. हाडाच्या चिरेला ही सूट नाही; तिथे शून्य दुखणे हीच अट.