जेडची चकती: विधीतली की तलवारीच्या मुठीची?

संग्रहालयात चिनी जेडच्या, म्हणजे कोरीव कामाच्या मौल्यवान दगडाच्या, दालनात हान राजघराण्याच्या काळातल्या (सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या) दोन चकत्या शेजारी मांडल्या असतील, तर पाटी न वाचता फरक सांगणं अवघड. दोन्ही गोल, हिरवट-पिवळट, दोन्हींवर धान्यासारखे बारीक उठावदार दाणे. पण एक असते ‘बी’, म्हणजे विधीत आणि दफनात वापरली जाणारी चकती. दुसरी तलवारीच्या मुठीचं टोक. आपल्या तलवारीच्या मुठीवर गोल वाटी असते ना, साधारण त्याच जागी ती बसते.

आकारावर फार विसंबू नये. मुठीची चकती बहुधा ५ सेंमीच्या आसपास आणि बी बरीच मोठी, हे खरं. पण लहान बीसुद्धा असतात आणि फोटोत मोजमाप कळत नाही. त्यापेक्षा मध्यभाग बघा. बीला आरपार भोक असतं. मुठीच्या चकतीवर सहसा तिथे नक्षीचं वर्तुळ, बरेचदा ढगांच्या वळणांचं, आणि दाणे त्याच्या भोवतीच्या कड्यात.

खरी खूण पाठीमागे. मुठीच्या चकतीच्या पाठीवर गोल खाच कोरलेली असते, मुठीचं टोक त्यात बसावं म्हणून; कधी बांधायला तिरकी भोकंही. बीच्या मागच्या बाजूला असं काही लागतच नाही, तिथेही बहुतेक नक्षीच. पण संग्रहालयं सुंदर बाजू वर ठेवतात आणि उपयोगाची खाली दडवतात. खाली एक आरसा ठेवायला काय हरकत आहे?

उत्खननात वस्तू जागेवर सापडली तर वादच नाही. दक्षिण चीनमधल्या ग्वांगझूला १९८३ मध्ये नानयुए या जुन्या राज्याच्या एका राजाची कबर सापडली. त्याचा मृत्यू इ. स. पू. १२२ च्या सुमाराचा. तिथे बी राजाच्या देहावर आणि देहाखाली होत्या, तर जेडचा साज चढवलेल्या लोखंडी तलवारी कमरेशी. मात्र त्याच कबरीत तलवारींच्या जेड साजाचे ४३ नग तलवारींशिवाय, पेटीत ठेवलेले मिळाले. मुठीची चकती, परज, म्यानावरची पट्ट्याची कडी आणि म्यानाचं टोक, असा हा साज. लोखंड गंजून जातं, जेड टिकतं; म्हणून बाजारातून आलेल्या संग्रहांत हे तुकडे एकेकटेच दिसतात.

आणि पाठीवरची खाच दिसली म्हणून वस्तू हान काळातलीच, असं धरू नये. सोंगपासून छिंगपर्यंतच्या, म्हणजे हाननंतर कित्येक शतकांनी आलेल्या राजघराण्यांच्या काळातल्या कारागिरांनी जुन्या जेडच्या नकला हौसेने केल्या आहेत. काळ ठरवायला हत्यारांच्या खुणा आणि झीज वेगळी तपासावी लागते.