गाणे-बजावणे, बेळगाव सीमाभागातील

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यातल्या मराठी गावांत आणि गल्ल्यांत रोजच्या जगण्याला लागून असलेले गाणे, वाजवणे व नाचणे. तिकीट काढून ऐकायच्या मैफली इथे होतात, पण ही नोंद मुख्यतः अशा गाण्याची आहे की ज्यात ऐकणाऱ्याच्या हातीही टाळाची जोडी येते. हा भाग १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आताच्या कर्नाटक राज्यात गेला. महाराष्ट्राचा सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. चाली मात्र त्याआधीही इकडून तिकडे जात होत्या, नंतरही जात राहिल्या.

सगळ्यांत रुळलेला प्रकार भजनाचा. गल्लीच्या भजनाचा वार ठरलेला असतो, शिवाय एकादशी असतेच. जेवणे उरकून माणसे देवळात जमतात. सतरंजी कोणी घालायची, टाळांची पिशवी कोणी आणायची हेही वर्षानुवर्षे ठरून गेलेले. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावावी लागते. ती घरून मळून आणणे हे मंडळातल्या धाकट्याचे काम. कणीक सैल झाली तर दोन अभंगांत ओघळते आणि 'घुम' निघायच्या जागी नुसता थापटल्याचा आवाज येतो. मग पखवाजी त्या पोराकडे एकदाच बघतो. पुढच्या वारी कणीक घट्ट असते. पेटी कुठल्या पट्टीत धरायची यावरून थोडी कुरकुर होते, कारण ज्याला वरची पट्टी झेपते त्याला ती हवीच असते. आधी गजर, मग रूपाचा अभंग, पुढे गौळण, शेवटी आरती, असा क्रम पंढरीच्या वाटेवरच्या दिंडीतून गावात आला आहे. आवाज नसलेल्यालाही इथे जागा असते. तो टाळ धरतो, पावली घालतो, धृपदात मिसळतो. भजनाचे खरे सामर्थ्य यातच आहे: वाईट गाणाऱ्याला बाहेर न काढता ते चांगले लागते.

याच सतरंजीवर कानडी पदेही येतात. कानडी संतकवी पुरंदरदासांच्या पदांत 'पुरंदर विठ्ठल' ही नाममुद्रा असते, त्यामुळे ती ओळ आली की कानडी न येणाऱ्याचाही टाळ जोरात वाजतो. शिशुनाळ शरीफांची (१८१९–१८८९) तत्त्वपदेही अशीच. मूळ हावेरीकडच्या या मुसलमान संतकवीचे पद तुकोबांच्या अभंगामागून कोणी उचलले तर कोणाला वावगे वाटत नाही. धृपद सगळे म्हणतात, अर्थ निम्म्यांना लागतो. शाहिरीतही हेच. मराठी फडांतला कलगी-तुरा कानडीत हरदेशी-नागेशी होतो. एक पक्ष शिवाचा, एक शक्तीचा, आणि रात्रभर सवाल-जबाब. कानडी गीगी पदाचे नाव त्यातल्या 'गी गी' या झिलीवरून, म्हणजे साथीदारांनी मागून ओढायच्या पालुपदावरून, पडले आहे. आपल्याकडचा झीलकरी 'जी जी' करतो, त्याचे हे सख्खे भावंडच.

नाचायला लावणारे वाद्य म्हणजे हलगी. लोखंडी कड्यावर ताणलेले बकऱ्याचे कातडे, एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. जोडीला घुमके हे दुसरे चर्मवाद्य आणि कैताळ ही झांज. पावसाळी हवेत कातडे सैल पडते, म्हणून मिरवणूक निघण्याआधी वाजवणारे कोपऱ्यात कागद नाहीतर पिंजर पेटवून हलगी शेकतात. बोटाने टिचकी मारून बघायचे, पुन्हा शेकायचे. आवाज 'कडक' आला की पहिला ठोका, आणि तेवढ्याने कट्ट्यावर बसलेल्यांचे पाय हलू लागतात. या नाचाला शिकवणी लागत नाही. बैल पळवायची शर्यत, कुस्तीचे मैदान, लग्नाची वरात, कारहुणवी हा बैलांचा सण, निवडणुकीचा गुलाल, सगळीकडे हीच तिकडी लागते. मात्र ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे वाद्य वाजवले त्यांना गावाने देवळाच्या पायरीपर्यंतच येऊ दिले, हेही सांगायला हवे. हलगीवर सगळा गाव नाचला, पण हलगीवाल्याला पंगतीत बसवायला त्याच गावाने फार वेळ घेतला.

धनगरांचे ढोल याहून निराळे. रायबाग तालुक्यातील चिंचलीच्या मायाक्काच्या माघी यात्रेला आणि निपाणीजवळच्या आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाच्या भाकणुकीच्या (भविष्यकथनाच्या) वेळी ढोलांचे ताफे जमतात. मोठे ढोल, झांजा आणि रुमाल उडवीत धरलेला गजनृत्याचा फेर. या ढोलवादनाला धनगर 'वालुग' म्हणतात. कानडीत 'वालग' म्हणजे वाद्यांचा ताफा. शब्द कोणाचा, हा वाद घालायला ढोल सुरू असताना कोणी थांबत नाही.

सौंदत्तीच्या यल्लम्माकडे जाणाऱ्या वाटेवर चौंडके आणि तुणतुणे ही तंतुवाद्ये ऐकू येतात. देवीला वाहिलेले जोगती आणि जोगप्पा डोक्यावर 'जग', म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली परडी, घेऊन नाचतात, भक्त 'उदे गं आई उदे' म्हणतात. डोंगराच्या पुनवेला महाराष्ट्रातून बैलगाड्या जात, आता ट्रॅक्टर आणि एसटी जातात. या नाचाकडे नुसती करमणूक म्हणून बघता येत नाही. देवीला मुली सोडण्याची चाल त्याला चिकटलेली होती आणि ती बंद करण्यासाठी कर्नाटकाला १९८२ मध्ये कायदा करावा लागला.

बायकांचे गाणे पूर्वी कामाला बांधलेले होते. जात्यावरची ओवी गिरणी आली तशी आटली. खानापूर आणि बेळगावच्या भातपट्ट्यात रोपलावणीला अजून एखादी म्हातारी गाणे धरते, बाकीच्या वाकल्या वाकल्या ओढतात. चिखलातला हात आणि गाण्याची लय एकमेकांना धरून असतात. नागपंचमीचा झोका, गौरीपुढची फुगडी आणि झिम्मा अजून टिकून आहेत, मात्र फुगडी आता मोबाइलवर चित्रित होते. नवी भर पडली ती महिला भजनी मंडळांची. दुपारी घरकाम आटोपल्यावर चालणारा हा सराव म्हणजे कित्येकींना घराबाहेर दोन तास बसण्याचे पहिले हक्काचे कारण होते.

मराठी रंगभूमीला या मातीचे देणे मोठे आहे. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मले. १८८० साली पुण्यात त्यांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले. लहानपणापासून कानावर पडलेल्या कानडी पदांच्या चाली त्यांनी नाटकात आणल्या. गोकाककडचा कुलगोड तम्मण्णांचा 'पारिजात' हा कानडी लोकनाट्याचा खेळ त्याच मुलखातला. कुमार गंधर्व (जन्म ८ एप्रिल १९२४) बेळगावजवळच्या सुळेभावीचे. त्याच वर्षी डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले, तिथे अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल यांनी स्वागतगीत गायले.

पेटीची गोष्ट खास बेळगावची. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत पूर्ण हटली नाही. पण भजनाच्या सतरंजीवरून पेटी एक दिवसही उठली नाही. पंडित रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी बेळगावात कित्येक पिढ्यांना पेटी शिकवली. वडगाव, शहापूर, खासबाग या बेळगावच्या विणकर वस्त्यांतल्या मागांच्या खडखडाटात धारवाड आणि सांगली ही दोन्ही आकाशवाणी केंद्रे आलटून पालटून लागत. विणकराला लय हवी, भाषा कुठली का असेना.

गाणे भांडणापासून अलिप्त राहते असे मात्र समजू नये. १ नोव्हेंबरला एका बाजूला कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीत डीजे वाजतो, दुसऱ्या बाजूला मराठी माणसे काळा दिन पाळून फेरी काढतात. बेळगावची शिवजयंती वैशाखात तिथीने होते. त्या चित्ररथ मिरवणुकीत गल्लीगल्लीची लेझीम, ढोल-ताशा आणि झांजपथके उतरतात, आणि कोणाचे पथक सरस यावर वर्षभर बोलले जाते. झांजपथकातली पोरे महिनाभर शाळेच्या पटांगणात घाम गाळतात. शिट्टीवर रांग मोडते, गोल होतो, पुन्हा रांग. चुकणारा बहुधा डावीकडून तिसरा असतो.

गणेशविसर्जनाला कपिलेश्वर तलावाकडे जाणाऱ्या वाटेवर या पथकांची गाठ डीजेच्या भिंतीशी पडते. पोटात धक्के देणाऱ्या त्या आवाजात हलगी ऐकूच येत नाही, आणि नाचणाऱ्याला नाच बघणारा दिसत नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर कर्णे वाजवता येत नाहीत. सणांपुरती सरकार वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत बारा वाजेपर्यंत सवलत देऊ शकते. त्यामुळे एरवीच्या एकादशीला दहा वाजले की भजनी मंडळ देवळाबाहेरचा कर्णा काढते, दार ओढून घेते आणि राहिलेली गौळण आत पुरी करते.