मशेरी आणि पोटातलं बाळ

गरोदर बाईला दवाखान्यात विचारतात, "तंबाखू खाता का?" ती "नाही" म्हणते, आणि ते खोटं नसतं. मशेरी खात नाहीत, लावतात. महाराष्ट्रात हा विषय इतकी वर्षं नजरेआड राहिला, त्यात या क्रियापदाचा वाटा मोठा आहे.

तंबाखू पोर्तुगीजांबरोबर आली. अकबराच्या दरबारात ती पोचली सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, अकबराचा अधिकारी असद बेग याने विजापुराहून नेली तेव्हा. म्हणजे दख्खनला ती आधीच ठाऊक होती. मशेरी हे तिचं घरगुती रूप. पानं तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची. अशी खाट उठते की शेजारणीलाही ठसका लागतो. मग चुरून डबीत भरायची. सकाळी बोटाने दातांना घासून थोडा वेळ तोंडात धरायची. नाही लावली तर पोट साफ होत नाही, डोकं उठतं, असं बायका सांगतात. (ही तलफच, पण तिला तसं कोण म्हणणार?) विडी ओढणारीकडे गाव वळून बघेल, मशेरीची डबी मात्र सासू-सुनेत एकच.

हिरड्यांतून निकोटिन रक्तात जातं, रक्तवाहिन्या आकसतात आणि वारेतून बाळाला होणारा पुरवठा घटतो. सिगारेट ओढणाऱ्या आयांची बाळं दिवस भरण्याआधी जन्मण्याचं प्रमाण जास्त असतं, हे कॅलिफोर्नियात संशोधक सिम्पसन यांनी १९५७ मध्ये दाखवलं. पुढची कित्येक वर्षं जगाचं लक्ष धुरावरच राहिलं.

मुंबईत प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या या संशोधकांनी १,२१७ गरोदर बायकांचा मागोवा घेतला. निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. बिनधुराची तंबाखू, त्यातही मुख्यतः मशेरी, वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. शंभर ग्रॅम म्हणजे दोन-तीन मुठी शेंगदाणे, खरं आहे. पण अडीच किलोच्या काठावरच्या बाळाला तेवढ्यानेच कमी वजनाच्या रकान्यात जावं लागतं. २००६ मध्ये त्याच अभ्यासातून आणखी वाईट गोष्ट पुढे आली: मृत बाळ जन्मण्याचा धोका अडीच पटींहून अधिक.

दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ मध्ये बंदी झाली, राज्यात गुटखा २०१२ मध्ये बंद झाला. घरच्या तव्यापर्यंत यातला कुठलाच कायदा पोचत नाही.