वंशसंहारविषयक दूरचित्रवाणी माहितीपट

एखाद्या मानवसमूहाचा ठरवून केलेला संहार आणि त्यातून वाचलेल्यांच्या साक्षी यांवर दूरचित्रवाणीसाठी तयार केलेले माहितीपट. ‘जेनोसाइड’ ही मूळ इंग्रजी संज्ञा पोलिश-ज्यू विधिज्ञ राफाएल लेमकिन यांनी १९४४ मध्ये रूढ केली. तिच्यासाठी मराठीत वंशसंहार, वंशविच्छेद आणि नरसंहार असे तीन शब्द वापरतात. नरसंहार या शब्दात कोणतीही मोठी कत्तल मावते. लेमकिन यांचा भर मृतांच्या संख्येपेक्षा समूह नाहीसा करण्याच्या हेतूवर होता. म्हणून येथे वंशसंहार हा शब्द स्वीकारला आहे. ९ डिसेंबर १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय आणि धार्मिक समूह येतात, राजकीय गट येत नाहीत. त्यामुळे इंडोनेशियातील १९६५-६६ च्या हत्यांवरील माहितीपट कायद्याच्या काटेकोर अर्थाने या वर्गाबाहेर पडतात, जरी चित्रीकरणपद्धतीच्या चर्चेतून ते वगळणे कठीण असले तरी.

या प्रकाराचा आरंभ कोठे मानावा, हे वादग्रस्त आहे. काही अभ्यासक तो १९४५ मध्ये मुक्त झालेल्या नाझी छळछावण्यांच्या चित्रीकरणात पाहतात. ब्रिटिशांनी त्यावर आधारित एक मोठा माहितीपट हाती घेतला होता. त्याच्या सल्लागारांत आल्फ्रेड हिचकॉक होते. दृश्ये बनावट असल्याचा आरोप होऊ नये म्हणून न तोडलेल्या लांब दृश्यांवर भर देण्याची सूचना त्यांच्या नावे सांगितली जाते. हे काम अर्धवट राहिले. त्याचा बराचसा भाग १९८५ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर दिसला. दुसरा दावा १९५३ चा आहे. त्या वर्षी एका लोकप्रिय अमेरिकी कार्यक्रमात छळछावणीतून वाचलेल्या महिलेचा जीवनपट तिच्यासमोर उलगडण्यात आला. पण तो करमणुकीचा कार्यक्रम होता, साक्ष नव्हे.

तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. जेरुसलेम येथे ११ एप्रिल १९६१ रोजी सुरू झालेला ज्यूंच्या संहाराची यंत्रणा चालवणारा नाझी अधिकारी अडॉल्फ आइकमन याच्यावरील खटला भिंतींआड दडवलेल्या कॅमेऱ्यांनी चित्रफितीवर टिपला गेला. इस्राएलमध्ये तेव्हा दूरचित्रवाणीच नव्हती. फितींच्या प्रती विमानाने परदेशी जात. शंभराहून अधिक साक्षीदारांच्या जबान्या झाल्या. लेखक येहिएल दिनूर साक्ष देता देता शुद्ध हरपून कोसळले, ते दृश्यही फितीवर आहे. वाचलेली व्यक्ती बोलते आहे आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबला आहे, ही पुढच्या माहितीपटांची मूळ चौकट येथे दिसते. १९७३-७४ च्या ब्रिटिश मालिकेत, ‘द वर्ल्ड ॲट वॉर’मध्ये, वंशसंहारावर स्वतंत्र भाग होता. ज्यूंच्या संहारावरील, क्लोद लांझमान यांच्या ‘शोआ’ (१९८५) या साडेनऊ तासांच्या चित्रपटाने जुनी दृश्ये पूर्णपणे टाळली.

ती टाळण्यामागे कारण होते. संहाराची अनेक दृश्ये मारणाऱ्यांच्याच बाजूने घेतलेली आहेत. लात्व्हियातील लिएपाया येथे १९४१ मध्ये झालेल्या गोळीबाराची छोटी फीत एका जर्मन नौसैनिकाने घेतली. वॉर्सा घेट्टोतील, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतील, मे १९४२ चे चित्रीकरण नाझी प्रचारासाठी होते. त्यातील काही दृश्ये पुन्हापुन्हा वठवून घेतली होती, हे वगळलेल्या फिती १९९८ मध्ये सापडल्यावर स्पष्ट झाले. तोवर ती अस्सल दैनंदिन जीवन म्हणून वापरली जात. उलट रुआंडात १९९४ च्या सुमारे शंभर दिवसांत काही लाख लोक मारले गेले, तरी प्रत्यक्ष हत्येची दृश्ये अत्यल्प आहेत.

मुलाखतीच्या दोन पद्धती आहेत. १९७९ मध्ये न्यू हेवन येथे सुरू होऊन पुढे येल विद्यापीठात गेलेल्या साक्षींच्या संग्रहात ठरीव प्रश्नावली नाही, वेळेचे बंधन नाही. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या शोआ फाउंडेशनने ५० हजारांहून अधिक साक्षी जमवल्या. तेथे युद्धापूर्वीचे आयुष्य, युद्धकाळ आणि नंतरचा काळ असा क्रम असतो व अखेरीस घरची छायाचित्रे दाखवतात. संकलकाला दुसरी पद्धत सोयीची. साक्षीतले अडखळणे आणि गप्प होणे मात्र पहिलीत जास्त टिकते.

महाराष्ट्रात, ठाण्याच्या संदर्भात, हा विषय बेने इस्राएल या ज्यू समाजामुळे येतो. टेंभी नाक्याजवळचे त्यांचे शाआर हाशामायीम सिनेगॉग १८७९ चे आहे. कोकणात ‘शनवार तेली’ (शनिवारी काम बंद ठेवणारे तेली) म्हणून ओळखला गेलेला हा मराठीभाषक समाज नाझी संहाराच्या आवाक्याबाहेर होता. १९३० च्या दशकात युरोपातून मुंबईस आलेल्या ज्यू निर्वासितांची गोष्ट निराळी. ठाण्यातील वृद्धाची मुलाखत ही स्थलांतराची, सणावारांची, इस्राएलला गेलेल्या नातलगांची नोंद ठरते. तिला संहारसाक्ष म्हणणे चूक. तिचे मोल कमी नाही, एवढेच की ते वेगळे आहे.

मराठी निवेदनात एक अडचण येते. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराला ‘होलोकॉस्ट’ म्हणतात; या शब्दाचा ग्रीक अर्थ पूर्ण जाळलेला बळी. त्यासाठी ‘आहुती’ लिहिले, तर मेलेल्यांनी कशासाठी तरी स्वतःला वाहून घेतले असा भलताच सूर लागतो. हिब्रू ‘शोआ’ म्हणजे आपत्ती. मराठीत तोच शब्द ठेवून एकदा अर्थ सांगणे बरे.