हनीबेरी तिकडची, भिरंड इकडची

पर्माकल्चरचे, म्हणजे निसर्गाच्या धर्तीवर केलेल्या टिकाऊ शेतीचे, व्हिडिओ पाहणाऱ्या गोव्यातल्या बागायतदाराला हनीबेरीचे नाव कधी ना कधी भेटतेच. हे लांबट निळे फळ सायबेरिया, कामचाटका आणि जपानच्या होक्काइदो बेटावरचे. तिथले ऐनू लोक त्याला हास्काप म्हणत. सोव्हिएत काळात लेनिनग्राडजवळच्या पाव्हलोव्स्क केंद्रात रानझुडपांतून कमी कडू वाण निवडण्याचे काम झाले. पुढे कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठाने २००७ मध्ये ‘टुंड्रा’ आणि ‘बोरिॲलिस’ हे वाण दिले. झाड उणे ४० अंश सोसते, उमललेले फूल उणे ७. पण ही थंडी त्याला लागतेही. लांब हिवाळा काढल्याशिवाय कळ्या धड फुटत नाहीत. डिसेंबरात सत्तरी तालुक्यात पहाटे स्वेटर चढवावा लागतो, तेवढ्यावर हनीबेरीचे भागत नाही. रोपांवर पैसे घालू नयेत.

पर्माकल्चरची पद्धत मात्र घ्यावी. खरे तर ती घरातच आहे. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी टास्मानियात १९७० च्या दशकात पर्माकल्चर मांडले. त्यातली थरांची बाग म्हणजे आपल्या ओळखीचे कुळागर. डोंगराच्या कुशीतली झर, पाटाने खाली उतरणारे पाणी, वर माड, त्याखाली पोफळ, पोफळीवर मिरवेल, मग केळ नि जायफळ, तळाला अननस. यातला अननस पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आलेला, म्हणजे कुळागरानेही पाहुणे घेतले आहेत. फक्त हवा मानवणारे.

भिरंड, म्हणजे कोकम, पाहुणी नाही, पश्चिम घाटाचीच. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथात ती ‘ब्रिंदोंइश’ म्हणून येते, आंबट आणि आतून रक्तासारखी लाल. भिरंड ज्या गार्सिनिया प्रजातीत (genus) मोडते, तिचे नाव या ओर्तावरून पडले असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते चूक आहे. ते लोराँ गार्साँ या वनस्पतिशास्त्रज्ञाचे.

हनीबेरीला फळ धरायला जवळ दुसऱ्या वाणाचे झुडूप लागते. भिरंडीत नर आणि मादी झाडेच वेगळी. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि हे कळायला फूल येईपर्यंत सहा-सात वर्षे जातात. म्हणून पूर्वी परसात दहा रोपे लावून फळ पाच झाडांचे, अशी गत होई. आता मृदुकाष्ठ कलम, म्हणजे कोवळ्या काडीचे कलम, हा सरळ मार्ग आहे. कलमाची काडी मात्र मादी झाडाच्या उभ्या वाढणाऱ्या शेंड्याची हवी. आडव्या फांदीची काडी बांधली तर कलम जगते, पण जन्मभर जमिनीलगत पसरत राहते. नर्सरीत कलम घेताना शेंडा उभा आहे ना, एवढे पाहावे. दहा मादींमागे एखादा नर ठेवावा.

जागा कुळागराच्या वरच्या काठाची, जिथे पाटाचे पाणी साचत नाही. नुसती भिरंडच लावायची तर अंतर ६ मीटर, खड्डा ६० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल. आळ्यात पोफळीच्या झावळ्या आणि केळीचे चिरलेले खांब पसरावेत, पण बुंध्यापासून वीतभर दूर. खेटून घातलेल्या ओल्या आच्छादनाने साल कुजते, वर वाळवी लागते.

फळ एप्रिल-मेमध्ये पिकते. सोलां करायची तर साली फळाच्याच मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात वाळवायच्या, आणि हे चार-पाच वेळा करायचे. प्रत्येक बुडवणीला साल काळसर होत जाते. वाळवण निम्म्यावर असताना पाऊस आला तर सालींवर बुरशी धरते. मेअखेरीस पिकणाऱ्या फळांचे त्यामुळे आगळच, म्हणजे खारवलेला रसच, काढलेले बरे. त्याला मीठ लागते, ऊन नाही.